सेकंड लाइफमधल्या फोटोंच्या प्रदर्शनासाठी मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, सेकंड लाइफमध्ये (ते ऑनलाइन आभासी जग) फोटो काढणारे कोणी आहेत का इथे? मला तिथल्या एका छोट्या गॅलरीत माझे फोटो लावायचेत आणि दोन ठिकाणी गाडी अडलीय.

पहिलं म्हणजे फायरस्टॉर्ममध्ये (सेकंड लाइफमध्ये जायला वापरतात तो प्रोग्राम) शॅडो आणि डेप्थ ऑफ फील्ड (फोकसबाहेरचं धूसर दिसणं) चालू करून काढलेला फोटो डिस्कवर सेव्ह केला की एकदम झकास दिसतो, पण टेक्स्चर (तिथल्या वस्तूंवर चढवायचं चित्र) म्हणून अपलोड करून भिंतीवर लावला की बारीक डिटेल जातात, केसांच्या कडा तर पार पुसट. अपलोड करताना साइज १०२४, ५१२ अशा दोनाच्या घातांकात बसवली जाते हे माहितीये, म्हणून मी आधीच स्वतः रिसाइझ करून प्रिमचा (ज्या ठोकळ्यावर फोटो चढवते त्याचा) आकार मूळ फोटोच्या प्रमाणात ठेवते, तरी तेच. फुल ब्राइट करू (म्हणजे आजूबाजूचा उजेड कसाही असला तरी फोटो पूर्ण उजळ दिसेल) की गॅलरीचा उजेड पडू देऊ? फुल ब्राइट केलं की फोटो भिंतीपासून सुटल्यासारखा वाटतो, मला ते अजिबात नाही आवडत.

दुसरं जास्त महत्त्वाचं. काही फोटो दुसऱ्या कलाकारांच्या इन्स्टॉलेशनमध्ये काढलेत. जागेच्या कव्हेनंटमध्ये (जागेच्या मालकाने घातलेल्या नियमांत) फोटोला मनाई नाहीये, पण त्या माणसाने महिनोन्‌महिने खपून उभारलेलं काम माझ्या फ्रेममध्ये आहे, तर नुसतं नाव आणि लँडमार्क (त्या जागेची लिंक) देणं पुरेसं की आधी नोटकार्ड (सेकंड लाइफमधली चिठ्ठी) पाठवून विचारायचं? मला तरी विचारावं असंच वाटतं, पण उत्तरच नाही आलं तर तुम्ही काय करता?