सेल्फीत नाक मोठे दिसते म्हणून मुलगी खचली आहे, काय करावे?

मोगरा (प्रश्न):
माझी अकरावीतली मुलगी गेल्या काही महिन्यांपासून आपल्या नाकावरून कमालीची अस्वस्थ आहे. आरशासमोर ती निर्धास्त असते. परंतु सेल्फी काढला की नाक पसरट दिसते म्हणून तो पुसते, मान तिरकी करून पुन्हा काढते आणि शेवटी मैत्रिणींच्या ग्रुपवर काहीच न टाकता फोन पालथा ठेवून देते. आता ती नाकाच्या शस्त्रक्रियेचा खर्च विचारू लागली आहे. ‘तू छान दिसतेस’ हे माझे म्हणणे तिला आईचे कौतुक वाटते. हे खरोखर सेल्फीमुळे होते, की सेल्फी केवळ निमित्त आहे?

जुना छायाचित्रकार:
ताई, मुलीच्या तक्रारीत तथ्य आहे, फक्त दोष नाकाचा नाही. हात लांब करून धरलेला फोन चेहऱ्यापासून जेमतेम हातभर अंतरावर असतो आणि नाकाचा शेंडा कानांपेक्षा कॅमेऱ्याच्या बराच जवळ येतो, त्यामुळे तो प्रमाणाबाहेर मोठा उमटतो व कान मागे सरकल्यासारखे दिसतात. पुष्कळ लोक याचे खापर भिंगावर फोडतात, पण खरे कारण अंतर हेच आहे. चेहऱ्याचे प्लास्टिक सर्जन बोरिस पास्कोव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१८ साली याचे गणित मांडले: पाच फुटांवरून काढलेल्या छायाचित्राच्या तुलनेत १२ इंचांवरून नाक सुमारे ३० टक्के रुंद भासते. फोन दीड मीटरवर ठेवून, झूम करून, टायमर लावून एक फोटो काढा आणि तो सेल्फीशेजारी ठेवून तिला दाखवा.

सायली (मानसशास्त्राची प्राध्यापिका):
वरील स्पष्टीकरण अचूक आहे. मात्र तेवढ्याने मुलीचे समाधान होईल असे मला वाटत नाही. आपण स्वतःला जन्मभर आरशात, म्हणजे डावे-उजवे उलट, पाहत आलेलो असतो आणि सवयीचे तेच आवडते. १९७७ च्या एका प्रयोगात स्त्रियांनी स्वतःचे आरशासारखे उलटवलेले छायाचित्र अधिक पसंत केले, तर त्यांच्या मैत्रिणींनी सुलट. म्हणजे मुलीला जे खटकते ते इतरांच्या नजरेत भरतेच असे नाही.

अधिक महत्त्वाची वाटते ती पुन्हा पुन्हा काढण्या-पुसण्याची क्रिया. टोरांटोच्या यॉर्क विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सेल्फी काढून तो समाजमाध्यमावर टाकणाऱ्या विद्यार्थिनी, तसे न करणाऱ्या गटाच्या तुलनेत, नंतर अधिक चिंतित आणि कमी आत्मविश्वासाच्या आढळल्या. ज्यांना फोटो सुधारण्याची मुभा होती त्यांनाही त्याचा फायदा झाला नाही, हे मला सर्वांत बोलके वाटते. अर्थात तो तात्कालिक परिणाम होता. त्यावरून कायमच्या हानीचा निष्कर्ष काढणे घाईचे ठरेल, आणि मित्रमंडळींसोबत हसतखेळत काढलेल्या सेल्फीला त्याच मापाने मोजणेही योग्य नव्हे.

डॉ. त्वचा:
शस्त्रक्रियेचा विषय निघाला आहे म्हणून लिहितो. सेल्फीत चांगले दिसावे म्हणून येणारे रुग्ण आम्हाला नवे नाहीत. चेहऱ्याची प्लास्टिक सर्जरी करणाऱ्यांच्या अमेरिकी संघटनेच्या २०१७ च्या पाहणीत ५५ टक्के शल्यविशारदांनी असे रुग्ण आल्याचे सांगितले होते. मुलगी दिवसाचा बराच वेळ नाकाच्याच विचारात घालवत असेल, कार्यक्रम व कॉलेज टाळू लागली असेल, तर आधी मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. स्वतःच्या रूपातील बारीकसारीक वा काल्पनिक दोषाचा ध्यास लागण्याचा एक मानसिक विकार असतो. तो असेल तर शस्त्रक्रियेनंतरही समाधान बहुधा होत नाही, तक्रार नाकावरून हनुवटीवर जाते. मानसिक आरोग्यासाठी दूरध्वनीवरून मदत देणारी शासनाची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर उपलब्ध आहे.

मोगरा:
सर्वांचे आभार. दीड मीटरवरून फोटो काढला. तिने दोन्ही फोटोंतील नाक आणि गालांची रुंदी पट्टीने मोजली आणि हा फरक मैत्रिणींनाही सांगितला. कॉलेज ती टाळत नाही, तरी समुपदेशकांची वेळ घेतली आहे. फोनमधील त्वचा गुळगुळीत करणारी सोय बंद करायला मात्र ती अजून तयार नाही. त्यावर घरात वाद चालूच आहे.