सेंट पॅट्रिक्स डेची हिरवी धमाल: तुमचे अनुभव लिहा

आयर्लंडमध्ये १७ मार्च हा सेंट पॅट्रिक्स डे असतो आणि १९०३ पासून त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी दिली जाते. हा दिवस ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात येतो. मात्र या एका दिवशी पथ्यपाणी बाजूला ठेवण्याची मुभा पूर्वापार आहे, आणि एका संताच्या स्मरणदिनाला इतके मोकळे, हसरे रूप लाभले ते बहुधा त्यामुळेच. ज्यांनी हा सण आयर्लंडात किंवा आयरिश मंडळींच्या सहवासात अनुभवला आहे, त्यांनी येथे सविस्तर लिहावे, ही विनंती. पबमधल्या गर्दीची वर्णने पुष्कळ वाचायला मिळतात. मला मिरवणुकीतली, नाचातली, लहान मुलांची आणि स्वयंपाकघरातली मजा वाचायची आहे. सुरुवात मी करते.

आम्ही कॉर्क काउंटीतल्या एका छोट्या गावात राहतो. आमच्या मिरवणुकीत अर्धे गाव चालत असते आणि उरलेले अर्धे कडेला उभे राहून त्यांना नावानिशी हाका मारत असते. पुढे टिन व्हिसल वाजवणारी शाळेची मुले, त्यांच्यामागे हर्लिंगच्या काठीवर चेंडू तोलत चालणारा लहान खेळाडूंचा संघ, मग घासूनपुसून लखलखीत केलेले जुने ट्रॅक्टर आणि शेवटी भोंगा वाजवत येणारा अग्निशमन दलाचा बंब, असा क्रम असतो. एका ट्रेलरवर उभा राहून गावातलाच एक गृहस्थ प्रत्येक गटाची ओळख करून देतो, आणि कोणाच्या आजोबांचा ट्रॅक्टर कोणत्या साली घेतलेला आहे, हेही तो न विसरता सांगतो. अलीकडे आम्ही मराठी कुटुंबे लेझीम घेऊन उतरतो. पाऊस भुरभुरत असतो, लेझमीच्या चकत्या ओल्या होतात, तरी ठेका काही सुटत नाही. शेजारच्या आजी सकाळीच आम्हा सर्वांसाठी शॅमरॉकच्या जुड्या आणतात. बाजारात ही बारीक तीनपानी रोपे मुळांसकट मिळतात; आजी मुळांची माती झटकून त्यांना ओला टिश्यू गुंडाळतात आणि टाचणीने ती जुडी कोटावर नीट बसवून देतात. दुपारपर्यंत पाने मलूल होतात, परंतु रात्रीपर्यंत ती कोणी काढत नाही.

डब्लिनहून

ताई, छोट्या गावाची मिरवणूक वाचून फार आनंद झाला, कारण आमच्याकडे सगळाच भव्य मामला असतो. डब्लिनमध्ये सरकारी पुढाकाराने पहिली मिरवणूक १९३१ मध्ये निघाली आणि १९९६ पासून तिच्याभोवती मोठा महोत्सव उभा राहिला. गॉलवेची मॅकनास ही मंडळी रस्त्यावरच्या नाट्यासाठी आणि राक्षसी आकाराच्या बाहुल्यांसाठी प्रसिद्ध आहेत. अशी एखादी बाहुली ओ'कॉनेल स्ट्रीटवर दुमजली घराएवढ्या उंचीवरून मान वळवून गर्दीकडे पाहते, तेव्हा मोठी माणसेही नकळत हात हलवतात. जाणकार डब्लिनकर घरून शिडी घेऊन येतात. आमच्या पुढच्या एका कुटुंबाने शिडीच्या वरच्या पायरीवर माझ्या मुलीलाही जागा दिली, तिच्या गालावर हिरव्या रंगाने तीन पाने काढून दिली आणि येणाऱ्या प्रत्येक बँडपथकाची माहिती तिला पुरवली. ती त्या पायरीवरून शेवटपर्यंत उतरली नाही.

शिकागोहून

आमच्याकडे नदीच हिरवी होते. १९६२ मध्ये प्लंबर लोकांच्या संघटनेने ही प्रथा सुरू केली; सांडपाणी कोठून झिरपते हे शोधण्यासाठी त्यांच्याकडे एक रंग असे, आणि तोच नदीत टाकण्याची कल्पना त्यातून निघाली. आता वनस्पतिजन्य रंग वापरतात. परेडच्या शनिवारी सकाळी पुलावर जागा पकडावी लागते. गंमत अशी की, बोटीवरची माणसे पीठ चाळायच्या चाळण्यांतून जी पूड पाण्यावर भुरभुरवतात ती चक्क नारिंगी दिसते. मागून येणारी दुसरी बोट पाणी घुसळते आणि पाहता पाहता सारे पात्र पाचूसारखे होते. त्या क्षणी पुलावरून जो जल्लोष उठतो, तो प्रत्यक्षच ऐकायला हवा.

न्यू जर्सीहून

अमेरिकेतल्या बालवर्गात लेप्रकॉनचा सापळा हा मोठा उद्योग असतो. लेप्रकॉन म्हणजे आयरिश लोककथांतला सोन्याचा हंडा लपवणारा खोडकर बुटका. मुलगा आणि त्याचे आजोबा, जे तेव्हा साताऱ्याहून आले होते, दोघांनी बुटाच्या खोक्याला शिडी लावली, वर सोनेरी कागदात गुंडाळलेली चॉकलेटे ठेवली आणि झाकणाला दोरा बांधला. सकाळी चॉकलेटे गायब, खोके उलटे आणि ओट्यावर इवलीशी हिरवी पावले! ती पावले आजोबांनी पहाटे उठून मुठीच्या कडेने आणि बोटांच्या टोकांनी उमटवली होती, अगदी आपण कृष्णजन्माला काढतो तशी. मुलाला आम्ही ते अजून सांगितलेले नाही.

गॉलवेहून

नाचाविषयी कोणीतरी लिहायलाच हवे. संध्याकाळी सभागृहात ‘केली’ असते, म्हणजे सामूहिक आयरिश नाच, आणि त्यात प्रेक्षक असा कोणी राहतच नाही. ‘सीज ऑफ एनिस’ हा नवख्यांसाठी उत्तम नाच आहे. चारचार जणांच्या रांगा समोरासमोर उभ्या राहतात, पुढे येतात, मागे जातात, जोडीने गिरकी घेतात. मग एक रांग हात उंचावून कमानी करते, दुसरी त्यांखालून निघून जाते आणि समोर नवीनच चार चेहरे येतात. संपूर्ण सभागृहाशी ओळख होईपर्यंत हे चालते. पुढची हालचाल माईकवरून आधीच सांगितली जाते, त्यामुळे कोणाला अवघडल्यासारखे होत नाही. फिडल आणि बोरान या डफासारख्या वाद्याचा वेग वाढत जातो, आणि सत्तरीतले शेतकरी तरुणांना दमवतात.

मालवणहून

आमचा धागा वेगळा आहे. लिओ वराडकरांचे वडील मूळ मालवण तालुक्यातल्या वराडचे. आयर्लंडचे पंतप्रधान असताना २०१९ च्या अखेरीस लिओ वराडला येऊन गेले. या सणाच्या निमित्ताने आयरिश पंतप्रधान अमेरिकेच्या अध्यक्षांना काचेच्या नक्षीदार भांड्यातून शॅमरॉक भेट देतात. १९५२ मध्ये आयरिश राजदूत जॉन हर्न यांनी ट्रुमन यांच्यासाठी शॅमरॉकची पेटी पाठवली, तेथून हा प्रघात पडला. २०२४ मध्ये वराडकरांनी हे भांडे बायडन यांना दिले. तो दिवस आमच्या घरी उत्साहाने साजरा झाला, आणि पानांत हिरवे म्हणून कोथिंबीर घालून केलेली आंबोळी होती.

लिमरिकहून

स्वयंपाकघराची बाजू मी सांगते. कॉर्न्ड बीफ आणि कोबी हा अमेरिकेतल्या आयरिश वस्त्यांचा बेत. येथे घरोघरी बेकन आणि कोबी शिजतो. आम्ही शाकाहारी, म्हणून आमचा सण सोडा ब्रेडचा. मैदा, कणीक, मीठ, खायचा सोडा आणि ताक, एवढेच साहित्य. यीस्ट नाही, मळणे नाही. ताक ओतले की हलक्या हाताने गोळा करून लगेच भट्टीत सरकवावा, कारण सोडा आणि ताक यांची क्रिया भांड्यातच सुरू होते. वर सुरीने खोल अधिकचिन्ह काढावे, म्हणजे मधला भाग नीट भाजला जातो. गरम तुकड्यावर भरपूर लोणी लावावे. आमच्या इमारतीत या दिवशी चार मजल्यांवरून चार प्रकारचे सोडा ब्रेड एकमेकांच्या घरी पोहोचतात, आणि माझ्या ब्रेडमधल्या ओव्याची चौकशी आता आठवडाभर आधीपासून होते.