तलावातली बेशरम ही तणवनस्पती कशी काढावी? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी. आमचं गाव गोंदिया जिल्ह्यात, तलाव मालगुजारी, म्हणजे जुन्या मालगुजार जमीनदारांच्या काळातला, कोहळी समाजाने बांधलेला. ढिवर बांधवांची मासेमारी संस्था आहे, पण काठच्या उथळ पाण्यात बेशरम माजली आहे. कापलेला तुकडा चिखलात पडला की तिथंच मूळ धरतो, म्हणजे कापणं ही लागवडच! तिकडे कोकणात वेळासच्या लोकांनी कासवांची अंडी राखली, मग आम्ही आमचा मरळ मासा का राखू नये?

उन्हाळ्यात पाणी उतरलं की मुळासकट उपटायचं ठरतंय. रोजगार हमी योजनेत हे काम बसतं का? उपटलेला ढीग कुठं टाकावा? नंतर कोणत्या पाणवनस्पती लावल्या तर गावरान मासे अंडी घालायला येतील? तणनाशक सुचवू नका, तेच पाणी गुरं पितात. ज्यांनी स्वतः केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा.