शब्दचर्चा : चित्र काढायचा नेम, थंडी आणि चुकलेला दिवस

गोदाकाठ :
मी नाशिकची. दिवाळीच्या पाडव्याला ठरवलं की रोज एक स्केच करायचं. पोस्टकार्डाएवढी वही, एक पेन, दहा मिनिटं. मार्गशीर्ष लागेपर्यंत ठीक चाललं. आता सकाळी साडेसहाला घाटावर जावं तर उजाडलेलं नसतं, बोटं आखडतात, आणि ऑफिस सुटतं तेव्हा परत अंधार. गेल्या पंधरवड्यात सहा दिवस चुकले.

दोन शब्द हवेत. रोजच्या या कामाला ‘स्केचिंग’ सोडून काय म्हणू? आणि चुकलेल्या दिवसाला? ‘गॅप’ म्हटलं की तो भरून काढावासा वाटतो. एका रात्रीत तीन चित्रं काढून बसले, तिन्ही टाकाऊ. ‘खंड पडला’ म्हटलं तर सगळं संपल्यासारखंच वाटतं.

रेघोटी :
पहिल्या शब्दापुरतं बोलतो. रेखाटन म्हणजे हाताची क्रिया आणि त्यातून उतरलेलं झटपट चित्र, दोन्ही. रेखाचित्र म्हणजे रेषांतच पूर्ण केलेलं चित्र. वर्तमानपत्रांनी तो शब्द पोलिसांना देऊन टाकलाय, ‘संशयिताचे रेखाचित्र जारी’. आराखडा घराचा किंवा विकासाचा. आखणं पट्टीनं होतं, रेखणं हातानं. म्हणून वही आखीव असते आणि नाक रेखीव.

पण बोलताना यातलं कोण काय म्हणतं? आपण चित्र ‘काढतो’, जशी रांगोळी काढतो. ‘रोज चित्र काढते’ म्हणा, घरचे हसणार नाहीत. आर्ट स्कूलची पोरं ‘स्केचिंगला जातो’ म्हणतात, तेही आता मराठीच आहे. ‘सोडून’ कशाला?

चितारओळ :
चितारणे कसं विसरता? आमच्या नागपूरच्या महाल भागात चितारओळ आहे, गणपती-दुर्गेच्या मूर्ती घडवणाऱ्यांची. सावंतवाडीत चितारआळी आहे, लाकडी खेळण्यांची. दोन्हीकडे चितारी म्हणजे रंगवणारा कारागीर. पुस्तकी मराठीनं मात्र शब्द पार गुळगुळीत केला. ‘लेखकाने ग्रामीण जीवन समर्थपणे चितारले आहे’ असं वाचलं की मी पान उलटतो.

वारली लग्नात सवासिनी भिंतीवर चौक, म्हणजे लग्नविधीचं चौकटीतलं चित्र, ‘लिहितात’, हेही नोंदवून ठेवतो. काढत नाहीत, लिहितात. संस्कृतातल्या लिख् धातूचा मूळ अर्थच ओरखडणं, रेघ ओढणं. त्या हिशेबानं ताई पेनानं जे करतात ते लिहिणंच झालं.

आणि चुकलेल्या दिवसाला आमच्याकडं ‘नागा’ म्हणतात. ‘एक दिवस नागा नाही केला.’

गोदाकाठ :
नागा ऐकलाय, पण तो नकारातच येतो ना? ‘एकही नागा न करता’. माझे सहा झालेत हो.

रेघोटी :
एक राहिलं. शाळेत एलिमेंटरी दिली असेल तर आठवा. परीक्षेचं नाव शासकीय रेखाकला परीक्षा, आणि विषय वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र, वगैरे. यातलं स्मरणचित्र थंडीसाठी फार कामाचं. सकाळी घाटावर नुसतं बघायचं, हात खिशात. समोर कोण आहे, कुठं वाकलंय, सावली कुठल्या बाजूला आहे. रात्री जेवण झाल्यावर घरात उबेला बसून काढायचं. आम्हाला त्या पेपरात ‘बसथांबा’, ‘भाजीबाजार’ असले विषय यायचे आणि सगळी मुलं पाठ केलेली तीच तीन माणसं काढायची. खरं स्मरणचित्र त्याच दिवशी पाहिलेल्याचं असतं. डोक्यात जे उरत नाही तेवढं चित्रातून आपोआप गळतं, आणि बहुतेक वेळा तेच नको असतं.

दहिवर :
मी वाईची. इथं मेणवलीच्या घाटावर चित्रकार मंडळी हिवाळ्यातच जास्त दिसतात, पण नऊनंतर. भल्या पहाटे गेलात तर कागद सादळतो. पापड सादळतो तोच शब्द. हाताला ओला लागत नाही, पण आतून नरम पडलेला असतो. त्यावर शाईचं पेन टेकवलं की शाई फुटते, रेघेला केस येतात. पेन्सिल वापरा, नाहीतर वही स्वेटरच्या आत ठेवून न्या.

आणि बोटांबद्दल. ‘हात वळत नाही’ हे आम्ही दोन अर्थांनी म्हणतो. करंजीची मुरड जमत नसली तरी हात वळत नाही, गारठ्यानं बोटं कडक झाली तरी हात वळत नाही. डिसेंबरात दोन्ही एकदम होतं आणि दोष कुणाला द्यावा कळत नाही.

रेघोटी :
‘रेघेला केस येतात’ हे घेतलं मी. वहीत लिहून ठेवतो.

दूधवही :
दुसऱ्या प्रश्नाला इतकी चर्चा कशाला? शब्द स्वयंपाकघरात टांगलाय. खाडा!

दूधवाला आला नाही की आई कॅलेंडरच्या चौकोनात ‘खाडा’ लिहायची. महिन्याला चार खाडे झाले तर चार दिवसांचे पैसे वजा. पण खाडा झाला म्हणून रतीब बंद झाला असं कुणी म्हणत नाही. उद्या पातेलं घेऊन दार उघडायचंच. खंड पडला तर रतीब परत सुरू करावा लागतो, खाड्यानंतर तो चालूच असतो. आणि खाड्याचं दूध दुसऱ्या दिवशी दुप्पट घेत नाही कुणी! तुमची एका रात्रीतली तीन चित्रं म्हणजे तेच झालं.

चितारओळ :
मानलं. मग रोजच्या कामाला रतीबच म्हणा की.

दूधवही :
सांभाळून. गिऱ्हाईक रतीब लावतं, गवळी रतीब घालतो. ‘लावणं’ चांगलं. ‘घालणं’ माणसांबद्दल आलं की टोमणा होतो, ‘रोज एका लेखाचा रतीब घालतात’. म्हणजे पाट्या टाकतात. चित्रांचा रतीब लावून घेतलाय म्हणावं.

टोरांटोहून :
इथं डिसेंबरात पावणेपाचच्या आत सूर्य मावळतो, त्यामुळं तुमच्या थंडीचं मला कौतुक वाटतं. बाहेर वॉटरब्रशच्या दांड्यात भरलेलं पाणी गोठतं. मी तीन महिने खिडकीतून दिसणारं एकच मॅपलचं झाड काढते. पानं गेली की आजीचा शब्द आठवतो, झाडाचा खराटा झाला. इथं ‘निष्पर्ण वृक्ष’ म्हणून भागत नाही. खराटा म्हटलं की फांद्या कशा काढायच्या तेही कळतं. बुडाशी जुडी, वर विस्कटलेल्या काड्या.

गोदाकाठ, नाशिकला तरी हिवाळ्याचं ऊन घरात येतं. काढायला कवडसा घ्या.

गोदाकाठ :
अगदी! डिसेंबरअखेर इथं भर दुपारी सूर्य जेमतेम ४६ अंशांवर असतो, दक्षिणेच्या खिडकीतून ऊन पार देव्हाऱ्यापर्यंत येतं. उन्हाळ्यात त्याच खिडकीत चिमटीभरही नसतं. रविवारी तो कवडसाच काढला, मध्ये झोपलेल्या मांजरासकट. मांजर कवडशाबरोबर सरकतं, त्यामुळं कान तीनदा काढले.

पगारपत्रक :
जरा थांबा. खाडा सगळ्यांना गोड लागतोय, पण तो कुणाचा शब्द आहे? धुणंभांडी करणाऱ्या बाईनं खाडा केला, गड्यानं खाडा केला. मालकीण कधी खाडा करत नाही, ती ‘गावाला जाते’. माझी आई चार घरची कामं करायची. महिनाअखेरी ‘दोन खाडे आहेत हं तुमचे’ हे वाक्य मी दाराबाहेर उभं राहून ऐकलंय. त्यातला एक दिवस मला ताप होता म्हणून. दूधवहीत तो निरुपद्रवी वाटतो, कारण हिशेब दुधाचा असतो. माणसाच्या बाबतीत तो पगारातून कापला जातो.

शब्द वापरू नका असं म्हणत नाही. स्वतःचे खाडे मोजताना आपण कुणाच्या जागी बसलोय, एवढं बघा.

दूधवही :
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आमच्या कॅलेंडरवर दोन्ही खाडे शेजारी शेजारीच असायचे, दुधाचे निळ्या पेनानं आणि बाईंचे लाल.

दहिवर :
आमच्या आज्जी बाईंच्या खाड्याला ‘सुट्टी’ लिहायच्या, आणि पैसे कापत नसत. दुधाचा मात्र थेंबाथेंबाचा हिशेब!

गोदाकाठ :
मग माझं ठरलं. खाडाच, पण दुधाचा, निळ्या पेनाचा. कापायचं काही नाही. मागचे सहा दिवस तसे लिहून टाकलेत, भरून काढणार नाही.

आज सकाळी साडेसातला घाटावर गेले. रामकुंडाकडून वाफ उठल्यासारखं दिसत होतं, एक आजोबा शालीचा बुचका होऊन बसलेले. शालीपर्यंत आले आणि हात वळेना (पहिल्या अर्थानं की दुसऱ्या, माहीत नाही). डोकं आणि पाय राहिलेत. रात्री आठवून काढावे म्हटलं तर आजोबांच्या पायात चपला होत्या की बूट तेच आठवत नाही. अर्धा खाडा असतो का हो?

दूधवही :
अर्धा लिटर असतं. चौकोनात ‘½’ लिहा.