भाजीच्या वाफ्यातील हरळी आणि लव्हाळा: उन्हाळ्यात काय करावे?

परसबाग, मोहोळ

नमस्कार. मोहोळ तालुक्यात आमच्या घरामागे तीन गुंठ्यांचा भाजीचा तुकडा आहे. जमीन भारी काळी असून पाणी ठिबकने दिले जाते. वांगी, भेंडी, गवार आणि हिवाळ्यात मेथी-कोथिंबीर घेतो. गेल्या पावसाळ्यापासून बांधाकडच्या बाजूने हरळी आत सरकली असून ठिबकच्या नळ्यांलगत, जेथे कायम ओल असते तेथे, तिचा दाट थर झाला आहे. मधल्या वाफ्यांत आणखी एक गवत आहे. त्याचा दांडा हाताला तीनधारी लागतो आणि उपटल्यावर मुळाशी काळसर गाठ निघते. खुरपणी केली तरी थोड्याच दिवसांत दोन्ही पुन्हा वर येतात. मार्चअखेर वाफे रिकामे होतील आणि पुढील लागवड जूनमध्ये आहे. भाजी घरच्या खाण्याची असल्याने तणनाशक शक्यतो टाळावयाचे आहे. शेजारी रोटाव्हेटर (फिरत्या पात्यांनी माती भुसभुशीत करणारे यंत्र) फिरवा म्हणतात. ते योग्य ठरेल का?

कोरडवाहू, बार्शी

रोटाव्हेटर मुळीच फिरवू नये. हरळीच्या काशीचा, म्हणजे जमिनीखाली पसरणाऱ्या खोडाचा, पेर असलेला प्रत्येक तुकडा नवीन रोप होऊ शकतो, त्यामुळे आज बांधाकडेला असलेली हरळी रोटाव्हेटरच्या पात्यांनी तुकडे होऊन संपूर्ण तीन गुंठ्यांत पसरेल.

आपल्या जिल्ह्याचा उन्हाळा या कामी सर्वांत स्वस्त मजूर आहे. पीक निघाल्यावर ठिबक गुंडाळून ठेवावे आणि त्या तुकड्याला पाण्याचा थेंबही देऊ नये. जमिनीत थोडा वाफसा (मशागतीजोगी ओल) असतानाच टिकावाने किंवा कुदळीने, ट्रॅक्टर आत जात असेल तर पलटी नांगराने, फूटभर खोल उलथापालथ करावी. उशीर केल्यास काळी जमीन दगडासारखी कडक होते आणि टिकाव उसळतो. निघालेली ढेकळे फोडू नयेत. ढेकळे उघडी राहिली की उन्हाने तापतात आणि त्यातील काशा वाळतात. भारी जमिनीत हरळीच्या बहुतेक काशा वरच्या अर्ध्या फुटात असतात, म्हणून एवढी खोली पुरते. पंधरवड्याने ढेकळे उलटी करून उघड्या पडलेल्या काशा हाताने वेचाव्यात, आणि हे काम मे संपेपर्यंत दोन-तीन वेळा करावे. मध्येच वळवाचा पाऊस झाला तर वाचलेल्या काशा लगेच हिरव्या होतात. त्या वेळी घाबरून न जाता तेवढ्याच खणून काढाव्यात, कारण कोठे काय उरले आहे हे तेव्हाच नेमके दिसते.

दुसरे गवत वर्णनावरून लव्हाळा आहे. कुंदा हे दुसरे चिवट गवत असते तर काम याहून अवघड होते, कारण त्याची मुळे बरीच खोल जातात.

कृषी पदवीधर, पंढरपूर

हरळीबाबत वरील मताशी मी सहमत आहे, मात्र लव्हाळ्याचा हिशेब वेगळा ठेवावा लागेल. त्याच्या गाठी जमिनीखाली साखळीने जोडलेल्या असतात आणि टोकाची गाठ जिवंत असेपर्यंत मागील गाठी बहुधा सुप्त राहतात. खुरप्याने साखळी तुटली की त्या सुप्त गाठींना कोंब येतात. खुरपणीनंतर लव्हाळा वाढल्यासारखा वाटतो तो यामुळेच. उन्हात पूर्ण सुकलेली गाठ मरते, पण खोल ओलीत राहिलेली गाठ वाचते. म्हणून एका उन्हाळ्यात तो संपेल अशी अपेक्षा ठेवू नये. जूननंतर कोंब चार-पाच पानांचा होण्याआधीच दर वेळी काढत राहिल्यास गाठीतील साठा संपत जातो आणि नवीन गाठी धरत नाहीत. वाट पाहून एकदाच मोठी खुरपणी करण्यापेक्षा ही चिकाटी उपयोगी पडते.

दोन्ही तणांना सावली सोसत नाही. पहिल्या पावसावर ताग किंवा चवळी दाट पेरून फुलोऱ्याच्या आधी जमिनीत गाडली, तर तण दबते आणि नत्रही मिळते. त्यासाठी भाजीची लागवड दीड महिना पुढे ढकलावी लागेल. माझ्या मते ती ढकलावी.

तणनाशकाविषयी स्पष्ट लिहितो, कारण दुकानदार ग्लायफोसेट हातात ठेवतील. आपल्या देशात त्याची लेबलवरील शिफारस चहाचे मळे व बिगरपीक क्षेत्र एवढ्यापुरती आहे, आणि ऑक्टोबर 2022 मधील केंद्र सरकारच्या अधिसूचनेने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित केला. घरच्या भाजीच्या वाफ्यात त्याला जागा नाही. क्विझालोफॉपसारखी केवळ गवतवर्गीय तणांवर चालणारी औषधे लव्हाळ्याला काहीच करत नाहीत, कारण लव्हाळा गवतासारखा दिसत असला तरी वनस्पतीशास्त्राच्या दृष्टीने गवत नाही.

परसबाग, मोहोळ

दोघांचेही आभार. आणखी दोन शंका आहेत: वेचलेल्या काशा व गाठी कंपोस्टच्या खड्ड्यात टाकाव्यात का, आणि काळे मल्चिंग पेपर अंथरल्यास उपयोग होईल का?

कोरडवाहू, बार्शी

खड्ड्यात टाकू नयेत. घरगुती खड्डा सर्वत्र सारखा तापत नाही आणि तेच खत पुन्हा वाफ्यात येते. काशा खडकावर किंवा पत्र्यावर पसरून मोडल्यावर कट्कन तुटेपर्यंत वाळवाव्यात. हरळीचा हिरवा पाला जनावरे आवडीने खातात, तो वाया घालवू नये. लव्हाळ्याच्या गाठी मात्र वाळवून जाळाव्यात.

काळ्या पेपरखाली हरळी दबते, परंतु रोपांच्या छिद्रांतून आणि कडेने बाहेर पडते. लव्हाळ्याचा टोकदार कोंब पातळ पेपर सरळ भोसकून वर येतो, त्यामुळे त्याच्यासाठी हा खर्च करू नये. त्यापेक्षा बांधालगत वीतभर रुंद आणि फूटभर खोल चर काढून तो वर्षभर मोकळा ठेवावा. हरळीचे धुमारे बांधावरून चरात उतरतात, ते दिसताच कापता येतात. बांधावरची हरळी समूळ काढण्याच्या फंदात पडू नये, ती बांधाची माती धरून ठेवते.