शाळेतला रॉक बँड: कसा जमला, कसा फुटला? (अनुभव धागा)

परवा सोसायटीच्या पार्किंगमधून ढॅण ढॅण आवाज यायला लागला म्हणून खाली गेलो, तर आठवी-नववीतली चार पोरं, दोन गिटारी, एक कीबोर्ड आणि तो लाकडी खोका असतो ना ज्याच्यावर बसून त्यालाच बडवतात, तो. सेक्रेटरी काकांनी दहा मिनिटांत हाकललं त्यांना. वर येऊन बायकोला म्हटलं, हे काही मार्चच्या पुढे टिकत नाहीत. म्हणाली तुला काय माहीत. मला नाही तर कोणाला माहीत असणार, म्हणून हा धागा.

आमचा बँड २००१ ते २००३, पुणे, मराठी माध्यम. चौघं. माझ्याकडे गिवसनची गिटार, मामाने दिलेली, तारा फ्रेटपासून इतक्या वर की एफचा बार कॉर्ड धरला की करंगळीपर्यंत मुंग्या यायच्या. ट्यूनर वगैरे भानगड नव्हती. शाळेच्या संगीताच्या खोलीत हार्मोनियम होती, तिची पांढरी तीन दाबायची आणि सहावी तार तिला लावायची, पुढचं त्यावरून. मग घरी येऊन कॅसेटबरोबर वाजवायला बसलो की सगळंच बेसूर! दोन महिने आम्हाला वाटत होतं आमचे कान खराब आहेत. नंतर कळलं की टेपरेकॉर्डरचा पट्टा सैल झालाय आणि गाणं अर्धा सूर खाली वाजतंय.

गाण्याचे शब्द कॅसेट मागेपुढे करून देवनागरीत उतरवलेले, जसे ऐकू येतील तसे. गायकाची ती दोनशे पानी वही एकदा इंग्रजीच्या बाईंच्या हाती लागली, त्यांना त्यातलं एक वाक्य ओळखता आलं नाही.

पण खरी मजा ड्रमरची. तो ढोल-ताशा पथकात ताशा वाजवायचा. हात म्हणजे मशीन, पाय मात्र शून्य. ड्रमसेट त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिला तो गॅदरिंगच्या दिवशी दुपारी चार वाजता, भाड्याचा. तोपर्यंत प्रॅक्टिस ताशा, पत्र्याचा डबा आणि स्टुलावर. त्या दिवशी किकच्या पेडलवर पाय ठेवून बसला आणि म्हणाला, हे मी नंतर बघतो. पूर्ण कार्यक्रम त्याने पायाशिवाय काढला आणि शेवटी राहवलं नाही म्हणून मधेच विसर्जनाचा ठेका धरला, त्यावर पब्लिक वेडं झालं. आमचं रॉक कोणालाच कळलं नव्हतं, तो ठेका कळला. गिटार थेट अहुजाच्या भोंग्याच्या अॅम्पला जोडलेली, त्यातून गिटार कमी आणि घूंऽऽ जास्त. तरी दुसऱ्या दिवशी पाचवीतली पोरं आम्हाला बघून कुजबुजायची. आठवडाभर आम्ही शर्टाचं वरचं बटण लावलं नाही.

पुढच्या गणपतीत दोन मंडळांनी बोलावलं, एकीकडे नारळ मिळाला, दुसरीकडे नारळ आणि ३०० रुपये. मग आपण चाललोच पुढे असं वाटून प्रत्येकी ६०० काढून एक सेकंडहँड झूमचा ५०५ प्रोसेसर (गिटारचा आवाज बदलणारी डबी) घेतला. ती आमची एकमेव सामाईक मालमत्ता.

फुटला कसा? तेच सांगता येत नाही. दहावीचे व्हेकेशन क्लास लागले, ड्रमर जुलैपासून पथकात गेला, गायकाच्या वडिलांनी वही माळ्यावर टाकली. भांडण एकच झालं, बासवाल्याशी, मी त्याला म्हटलं होतं तुझं वाजलं काय नि नाही काय ऐकूच येत नाही. (खरंही होतं, तो माझ्याच जुन्या गिटारच्या खालच्या चार तारांवर बास वाजवायचा.) कोणी "बँड बंद" असं म्हटलं नाही. परीक्षा झाल्यावर मे महिन्यात बघू म्हटलं. प्रोसेसर माझ्याकडे राहिला, त्याचा अॅडॅप्टर बासवाल्याकडे, वायर तुटलेली ती तो जोडून आणणार होता.

तुमचं सांगा. नेमका कधी फुटला ते आठवत असेल तर तेही.

गिरगावकर

आमचा जमाना तुमच्या बराच आधीचा, ८७-८८. तेव्हा मुंबईत रॉक म्हणजे धोबीतलावचं रंगभवन. १९८६ ला इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडांचा महोत्सव सुरू झाला आणि आम्ही नववीतली पोरं क्लास बुडवून तिथे. उघड्यावरचं थेटर, घामाचा आणि सिगरेटचा वास, स्टेजवर आपल्याच शहरातली माणसं वाजवतायत हेच डोक्यात शिरत नव्हतं. रॉक मशीन ऐकले तिथे. (तेच नंतर ९३ मध्ये इंडस क्रीड झाले.) परत येताना चर्नी रोडपर्यंत चालत आलो आणि वाटेत बँडचं नाव ठरलं, मेंबर नंतर ठरले.

चाळीत प्रॅक्टिस करायची म्हणजे काय ते चाळवाल्यांनाच ठाऊक. गॅलरीतल्या सगळ्या बिऱ्हाडांना आमची गाणी पाठ. समोरच्या आजी भाजी निवडताना गुणगुणायच्या, शब्द कुठले, नुसतं ऊं ऊं, पण चाल बरोबर. आमच्या गिटारवाल्यापेक्षा बरोबर.

आमचा कधी फुटला ते मला तारखेसकट माहित्ये. लीड गिटारवाल्याचे वडील बँकेत, बदली झाली सोलापूरला. सामान ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा आम्ही तिघं उभे, आणि कपाट, गाद्या, टेबलफॅन असं करत करत शेवटी अॅम्प चढला. अॅम्प त्याचा होता. गिटारवाला गेला असता तर दुसरा बघितला असता हो, अॅम्प गेल्यावर काय उरतं? जिथे अॅम्प तिथे बँड, साधा हिशोब.

रंगभवन तर नंतर सायलेन्स झोनमुळे कॉन्सर्टला बंदच झालं. आता त्या रस्त्याने जातो तेव्हा बायकोला दाखवतो, दर वेळी, ती दर वेळी हो म्हणते.

संत्रानगरी

मी मुलगी आणि मी गायची, एवढ्यावरूनच ओळखून घ्या. नागपूर, २००९. चार पोरं आणि मी. सुरुवातीला मला कीबोर्डवर बसवलं होतं कारण मुलीला कीबोर्ड येतोच असं त्यांना वाटून राहिलं होतं. मला काही येत नव्हता! मी शास्त्रीय शिकत होती, मध्यमा झालेली. एकदा गायकाचा घसा बसला म्हणून मी गायली आणि मग मीच गायला लागली. फक्त हळू गाणी मात्र माझ्याकडे, जोराची आली की माईक परत त्याच्याकडे. मी एकदा म्हटलं की अरे मी रोज सकाळी तासभर तानांचा रियाज करते, मला ओरडता येतं, देऊन तर पाहा. दिलं. त्या दिवशी ड्रमरने वाजवणं थांबवून माझ्याकडे पाहिलं होतं, ते मला अजून आठवते.

आंतरशालेय स्पर्धेत दुसरे आलो. तिथून पुण्याच्या स्पर्धेचं ठरलं. रात्रभराची ट्रेन, चार पोरं न एक पोरगी. माझे बाबा हो म्हणाले होते बरं का, सोबत येणार होते, रजा टाकली होती त्यांनी. पण ह्यांनी मला विचारलंच नाही. शाळेच्या फळ्यावर "बेस्ट विशेस" लिहून खाली नावं होती, त्यात माझ्या जागी जुन्या गायकाचं. मी ते डबा खायच्या सुट्टीत वाचलं. सांगायला कोणी आलं नाही, आणि मीही विचारलं नाही, डबा खाल्ला न वर्गात गेली.

पुण्यात पहिल्याच फेरीत बाहेर पडले. मला वाईट वाटलं असं लिहायला हवं, पण नाही वाटलं.

धागाकर्ता

@संत्रानगरी, ताई, फळ्याचं वाचून पोटात कालवलं. बाबांनी ती रजा काय केली मग?

संत्रानगरी

मला घेऊन पचमढीला गेले.

फोंडेकार

गोव्यात उलटंच. इथे वाजवणाऱ्यांची कमी नाही. माझे मडगावचे मित्र लहानपणापासून चर्चच्या शाळेत सोल्फेज (लिहिलेले स्वर वाचून गाणं) शिकलेले, कागदावरचं नोटेशन असं वाचायचे जसं आपण पेपर वाचतो. मी फोंड्याचा, देवळातल्या भजनात तबला वाजवणारा, मला ड्रम्सवर घेतलं. मी ठेका तोंडाने बोलून लक्षात ठेवायचो, ते चार मोजून. सम कुठे यावरून आमची रोज झकाझकी.

आम्ही रॉकच करायचो, पण अकरावीत एका लग्नाचं बोलावणं आलं, त्यांचा ठरलेला बँड ऐनवेळी आला नव्हता. कॅथलिक लग्नात बँडला काय काय लागतं माहीत आहे ना? ग्रँड मार्चला एक चाल, वॉल्ट्झ, मग शेवटी कोंकणी गाण्यांचा मसाला, तो सुरू झाला की म्हातारीकोतारी पण खुर्ची सोडतात. ते सगळं दोन दिवसांत बसवलं. पैसे हातात आले, पाच जणांत वाटले तरी एवढे की आमच्या घरी आईने विचारलं कुठून आणलेस.

झालं. त्यानंतर दर शनिवार-रविवार लग्नं. आपली स्वतःची दोन गाणी होती ती कोणाला वाजवायला वेळच नाही. मे महिन्यात एका दिवशी दोन लग्नं आली, तिघं एकीकडे, दोघं दुसरीकडे, दोन्हीकडे बाहेरची माणसं भरली. दोन्ही लग्नं छान झाली. मग एकत्र कशाला यायचं? बाकीच्यांचे परीक्षेने फुटतात, आमचा बँड कामाने फुटला. त्यातले दोघं अजून वाजवतात, आता क्रूझवर.

ठाण्याची आई

मी वाजवणाऱ्यांपैकी नाही, पोहे करणाऱ्यांपैकी. २०१६-१७, मुलगा नववीत, आमच्या बेडरूममध्ये बँड. ड्रम इलेक्ट्रॉनिक, हेडफोन लावून वाजवायचे, त्यामुळे बाहेर ऐकू काय यायचं तर रबरावर काठ्यांचा टप टप आवाज आणि मधेच एखादा भसाड्या आवाजात "येऽऽ". शेजारच्या काकूंनी एकदा गंभीरपणे विचारलं की मुलाला काही त्रास आहे का.

पाच पोरांचे पोहे म्हणजे किलोभर. कोणाला दाणे नको, कोणाला कांदा नको (जैन होता एक, त्याचे वेगळे काढायचे). एका शनिवारी मी पोहे भिजवून बसले आणि कोणी आलंच नाही. मुलगा म्हणाला ग्रुपवर लेफ्ट झाले सगळे. म्हटलं का रे? तर बँडच्या इन्स्टा पेजचा पासवर्ड एकाने बदलला म्हणे. एवढंच? हो, एवढंच. ते भिजलेले पोहे आम्ही दोघांनी दोन दिवस खाल्ले. तो जैन मुलगा मात्र नंतरही यायचा अधूनमधून, बँड नसताना.

निवृत्त_मास्तर

गॅदरिंगला वीस वर्षं माईकशेजारी उभा राहिलेला माणूस आहे मी. दोन वेळा बँडचा आवाज मधेच बंद करायला लावला. एकदा दहा वाजून गेले होते आणि नियम आहे, ते ठीक. दुसऱ्यांदा मात्र पाहुणे कंटाळलेले दिसले म्हणून. पाहुणे नंतर म्हणाले, का बंद केलंत, मी डुलक्या काढत नव्हतो, मान हलवत होतो.

तिरकस

आयर्लंडात १९७६ मध्ये एका १४ वर्षांच्या ड्रमरने शाळेच्या फळ्यावर चिठ्ठी लावली, पोरं जमली आणि त्याचं यू-टू झालं. इंग्लंडात शाळेतली पाच पोरं शुक्रवारी प्रॅक्टिस करायची म्हणून नाव 'ऑन अ फ्रायडे', पुढे तेच रेडिओहेड. आपल्याकडे शुक्रवारी गणिताचा क्लास.

बाय द वे धागाकर्ते, त्या ६०० रुपयांचं काय झालं? बाकीच्या तिघांचे परत केलेत का?

धागाकर्ता

नाही. ड्रमरला विचारलं होतं मागे, तो म्हणाला असू दे. गायक कॅनडात आहे, त्याला आठवतच नव्हतं. बासवाल्याला विचारलं नाही.

तपकीर_गल्ली

५०५ आहे अजून? नऊ व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह (पिनच्या मध्यभागी ऋण) कुठलाही अॅडॅप्टर चालेल हो त्याला. आमच्या गल्लीत दीडशे-दोनशेला मिळेल, पोलॅरिटी तेवढी बघून घ्या नाहीतर जाळाल.

धागाकर्ता

माहित्ये, मिळेल. पण त्याच्याकडचा ओरिजिनल आहे, आणि त्यात माझेही पैसे आहेत.