मदत हवी आहे: कमी तेलात केलेला मासा कोरडा पडतो आणि तव्याला चिकटतो

नमस्कार मंडळी,

बाबांचं कोलेस्टेरॉल वाढल्यापासून घरात तळण बंद आहे. आठवड्यातून दोनदा रात्री मासा करायचा, तोही कमी तेलात, असं ठरवलंय. आतापर्यंत सहा-सात वेळा केला, त्यात जेमतेम दोनदा बरा झाला.

माझी पद्धत अशी: तुकड्या धुऊन मीठ, लिंबू, लसूण, मिरपूड लावून तासभर मुरवते. मग लोखंडी तव्यावर चमचाभर तेलात टाकते. दोन मिनिटांनी उलटायला जावं तर खालचा थर तव्यालाच राहतो. कच्चा राहील या धास्तीने झाकण ठेवून मंद आचेवर आणखी पंधरा मिनिटं शिजवते. ताटात येतो तेव्हा वर पांढरा साका आणि आत नुसता भुसा. बाबा मुकाट्याने खातात, त्याचं जास्त वाईट वाटतं.

शिजला हे नक्की ओळखायचं कसं? आणि तव्याऐवजी दुसरा सोपा मार्ग आहे का? ओव्हन आहे, पण त्यात मासा कधी केला नाही.

प्रतिसाद १
पंधरा मिनिटं फार होतात हो! माशाच्या मांसातले धागे आखूड असतात आणि त्यांना धरून ठेवणारे पडदे अगदी पातळ. थोड्या उष्णतेतही ते सुटतात, म्हणून मासा इतक्या लवकर शिजतो. अडीच सेंटीमीटर जाडीला एकूण दहा मिनिटं, दोन्ही बाजू धरून, हा ढोबळ हिशेब. सुरीचं टोक सर्वांत जाड भागात घालून बघा. काचेसारखी झाक जाऊन मांस पांढरं दिसलं आणि पाकळ्या सुटायला लागल्या की उतरवा. थर्मामीटर असेल तर मधोमध ६३ अंश सेल्सिअस.

लिंबाचा तास आधी बंद करा. आंबटाने मांस विस्तवावर जायच्या आधीच आवळतं. पंधरा मिनिटं पुष्कळ झाली, किंवा सरळ ताटात पिळा. माशाचा वासही त्याने कमी होतो.

चिकटण्याचं कारण बहुतेक ओलावा. तुकडी फडक्याने खरंच कोरडी करा, तवा चांगला तापवा, तेल तुकडीलाच चोळा आणि टाकल्यावर हलवू नका. खाली खरपूस झाली की ती आपणहून सुटते.

मूळ प्रश्नकर्ती
धन्यवाद! तुकड्या साधारण दोन सेंटीमीटर जाड असतात. फ्रोझन आणते आणि घाईत गरम पाण्यात टाकून सोडवते. तेही चुकतंय का?

प्रतिसाद २
हो, ते तर आधी थांबवा. गरम पाण्यात बाहेरचा भाग अर्धवट शिजतो, आत बर्फ तसाच, शिवाय जंतू वाढायची भीती. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. विसरलात तर पिशवीचं तोंड घट्ट बांधून गार पाण्यात बुडवा, सुटल्यावर लगेच शिजवा.

तो पांढरा साका म्हणजे माशातलं प्रथिनच, खायला काही हरकत नाही. जास्त उष्णतेने मांस आवळलं की ते पिळून बाहेर येतं. वेळ कमी केलीत की तेही कमी होईल.

नवख्या हाताला मी ओव्हनच सांगेन. बेकिंग पेपरवर पातळ चिरलेला कांदा, झुकिनी किंवा पालक पसरा, वर मासा, लसूण, मिरी, चमचाभर तेल. कडा दुमडून पुडी घट्ट बंद करा. २०० अंशांवर बारा मिनिटं. मासा स्वतःच्या वाफेत शिजतो, भाजीही त्यातच होते. पुडी उघडताना चेहरा लांब ठेवा, वाफ जोरात येते. बटाटा किंवा गाजर घालायचं तर आधी उकडून घ्या, बारा मिनिटांत ते शिजत नाही.

मूळ प्रश्नकर्ती
आज पुडीच केली, पालक घालून. अकराव्या मिनिटाला सुरी घालून पाहिली, पाकळ्या सुटत होत्या. बाबांनी दुसरी तुकडी मागून घेतली! आता पुढच्या वेळी तवा, कोरड्या फडक्यासकट. एक राहिलंच: सामनची सालवाली तुकडी तव्यावर करताना आधी सालाची बाजू खाली ठेवायची ना?